गप्प न बसलेला अश्ववैद्य

पूर्वी, मगधात आणि काशीत राजे राज्य करीत होते त्या काळी, हिमालयाच्या पायथ्याशी कंकावती नावाचे एक नगर होते, आणि तिथे राजाच नव्हता. तिथे गण होता. गणातल्या प्रत्येक कुटुंबाला सभेत एक जागा असे, आणि दर तीन वर्षांनी सारे मिळून आपल्यातल्या एकाला गणमुख्य निवडीत. त्या वेळी बोधिसत्त्व तिथल्या एका अश्ववैद्याच्या घरी जन्मला होता. वसुभूती हे त्याचे नाव. घोड्याच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालायची सवय असलेला माणूस गोड बोलायला फारसा शिकत नाही. वसुभूतीही कमी बोलत असे; पण तो जे बोले त्यावर लोक विश्वास ठेवीत, कारण घोडा जगणार नसेल तर तो तसे मालकाच्या तोंडावर सांगे.

नगराच्या दक्षिणेला, नदीकाठच्या दलदलीत नळकारांची वस्ती होती. नळ नावाच्या पाणगवताच्या आणि वेताच्या टोपल्या, चटया, होड्या विणणारे हे लोक. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलखातल्या नदीने पात्र बदलले, गावे वाहून गेली, तेव्हा ते कंकावतीच्या आश्रयाला आले. गणाने भर सभेत हातावर दानाचे पाणी सोडून त्यांना ती दलदल दिली, कारण तेव्हा ती कोणालाच नको होती. नळकारांनी तिला बांध घातले, साचलेले पाणी काढून दिले, आणि आता तिथे उत्तम भात पिकत होता. गणात मात्र त्यांना जागा नव्हती.

त्या वर्षी गणमुख्यपदासाठी दोघे उभे राहिले. एक अश्वदळाचा नायक उग्रबाहू. तो गावोगाव सांगत फिरला की नळकार उपरे आहेत, ते ताप घेऊन आले, ते चोर आहेत. मला निवडा, कार्तिकी पौर्णिमेला मी त्यांना नदीपार घालवीन आणि त्यांची जमीन गणातल्या घराघरांत वाटून देईन. दुसरा चंद्रकेतू, वसुभूतीचा बाळमित्र. देखणा, मनमिळाऊ, बोलण्यात गोडवा असलेला. तो सांगे, ‘‘दिलेला शब्द फिरवणारा गण हा गणच उरत नाही. उग्रबाहू निवडून आला तर या नगराच्या कपाळी असा डाग लागेल, की तो आपल्या नातवंडांनाही पुसता येणार नाही.’’ हे शब्द वसुभूतीला पटले होते. ते घेऊन तो दोन महिने पायी हिंडला. नळकारांच्या दारातही तो गेला. त्यांना मत नव्हते, पण घाबरू नका एवढे सांगायला गेला.

निवडीचा दिवस आला. कंकावतीत मत शलाकेने देत. बोटभर लांबीची लाकडी काडी, उग्रबाहूसाठी तांबडी, चंद्रकेतूसाठी पांढरी. शलाका गोळा करण्याचे काम श्रोण नावाच्या वृद्धाकडे होते. तो इतका काटेकोर होता, की स्वतःच्या भावाची शलाकाही तो उजेडात धरून पाहत असे. त्याने चटईवर दोन ढीग केले आणि मोठ्याने मोजले. तांबड्या तीनशे अकरा, पांढऱ्या दोनशे चौऱ्याहत्तर. वसुभूतीने शेजारी बसून मनातल्या मनात मोजले. आकडा तोच आला.

मग चंद्रकेतू उठला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. आपल्या गळ्यातला हार काढून त्याने उग्रबाहूच्या गळ्यात घातला आणि त्याला मिठी मारली. ‘‘बंधूंनो,’’ तो म्हणाला, ‘‘स्पर्धा संपली. आता तांबडा कोण, पांढरा कोण, हे विसरून जाऊ. उग्रबाहू आजपासून माझाही गणमुख्य आहे. याच्या हातात आपला गण सुरक्षित आहे. याला मनापासून साथ द्या.’’

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हातारी माणसे डोळे पुसू लागली. हरावे तर असे हरावे, असे तांबड्या शलाका टाकणारेही म्हणू लागले. वसुभूतीचे हात मात्र मांडीवरच राहिले. काल संध्याकाळपर्यंत जो नगराच्या कपाळीचा डाग होता, तो आज सुरक्षित हात कसा झाला, हे त्याला उमगेना. दोन महिने चालून तळव्यांना पडलेले घट्टे त्याला एकाएकी दुखू लागले.

तो बाहेर आला. सभागृहाच्या पायऱ्यांखाली दहा-बारा नळकार उभे होते. त्यांना आत यायची मुभा नव्हती. उघड्या दारांतून जे ऐकू येईल ते ऐकायचे. त्यांच्यात वेतसी होती, वस्तीतल्या होड्या विणणारी, चाळिशीची, विधवा बाई. ती पुढे आली.

‘‘वैद्यबाबा, एक विचारू का?’’

‘‘विचार.’’

‘‘परवा तुम्ही माझ्या अंगणात बसून सांगितलंत, की हा आला तर अनर्थ होईल. आज तुमच्याच माणसानं त्याच्या गळ्यात हार घातला. मग यातलं खरं कोणतं? परवा आम्हाला उगीच भिववलंत, की आज आम्हाला सोडून दिलंत?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. घोड्याचा पाय मोडलाय का, असे विचारावे तसे तिने विचारले होते. वसुभूती एवढेच म्हणाला, ‘‘परवाचं खरं होतं.’’

दुसऱ्या दिवशी तो चंद्रकेतूच्या घरी गेला. तिथे पाहुण्यांची वर्दळ होती. शेजारच्या गणांतून दूत आले होते आणि चंद्रकेतूच्या मोठ्या मनाची वाखाणणी करीत होते. चंद्रकेतूने मित्राला हाताला धरून बागेत नेले.

‘‘ऐकलंस ना? शत्रूही नावाजतात. हरण्यातही एक शोभा असते, वसुभूती.’’

‘‘शोभा तुझी झाली. घरं त्यांची जाणार.’’

चंद्रकेतूच्या कपाळाला आठी पडली. ‘‘मग मी काय करायला हवं होतं? मोजणी खोटी म्हणून ओरडायला हवं होतं? लोकांना दगड घेऊन रस्त्यावर उतरवायला हवं होतं?’’

‘‘नाही. मोजणी खरी होती. मीही मोजत होतो. तू उठून म्हणायला हवं होतंस की मोजणी मान्य आहे. आणि मग खाली बसायला हवं होतंस. तू तिथे थांबला नाहीस. त्याचे हात चांगले आहेत, असं म्हणालास. ते तुला कोणी विचारलं होतं?’’

‘‘रीत असते, मित्रा.’’

‘‘रीत हरल्याचं कबूल करायची असते. आपण दोन महिने खोटं बोलत होतो, असं कबूल करायची नसते.’’

‘‘त्याला संधी तर देऊन पाहू,’’ चंद्रकेतू समजुतीच्या सुरात म्हणाला. ‘‘आसनावर बसलं की माणूस मऊ होतो.’’

‘‘त्याला तीन वर्षांची संधी आहे. नळकारांना कार्तिकी पौर्णिमेपर्यंतची.’’

चंद्रकेतू काही बोलणार तेवढ्यात आणखी एक दूत आला, आणि तो हसतमुखाने त्याच्याकडे वळला. वसुभूती घरी परतला. वाटेत त्याला आपल्या रागाची भीती वाटली, कारण तो फार मोठा होता. त्याने तो दडपला नाही आणि त्याच्या हाती लगामही दिला नाही. उधळू पाहणाऱ्या घोड्याजवळ जसे उभे राहावे तसा तो त्या रागाजवळ उभा राहिला, श्वास संथ होईपर्यंत.

आठव्या दिवशी सभा भरली. उग्रबाहूने ठराव मांडला: कार्तिकी पौर्णिमेला नळकारांनी वस्ती सोडून नदीपार जावे. कंकावतीची पद्धत अशी होती, की कोणताही ठराव तीनदा पुकारायचा. ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळायचे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलायचे. तिसऱ्यांदाही सारे गप्प राहिले, तर ठराव एकमताने झाला असे धरीत.

पुकाऱ्याने पहिल्यांदा ठराव पुकारला. कोणी बोलले नाही. वसुभूती चंद्रकेतूकडे पाहत होता. पांढऱ्या शलाकांचा तो पुढारी; पहिला शब्द त्याचा. पुकाऱ्याने दुसऱ्यांदा ठराव पुकारला. चंद्रकेतू आपल्या बोटांतल्या अंगठ्यांकडे बघत राहिला. त्याच्यामागे बसलेले दोनशे त्र्याहत्तर जण त्याच्याकडे बघत होते, आणि तो गप्प म्हणून तेही गप्प होते.

पुकाऱ्याने तिसऱ्यांदा ठराव पुकारला. वसुभूती उभा राहिला.

‘‘मला मान्य नाही.’’

सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी ओरडले, ‘‘वैद्या, हरलात तुम्ही! पचवायला शिका!’’ बरेच जण हसले. चंद्रकेतूने त्याच्या उपरण्याचे टोक ओढले आणि हळूच म्हणाला, ‘‘बस खाली. आज नको. चांगलं दिसत नाही.’’

वसुभूतीने उपरणे सोडवून घेतले. ‘‘हरलो, हे खरं,’’ तो म्हणाला. ‘‘हार पचली मला. पण तुम्ही पचवण्याची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो. घोड्याला ओकता येत नाही. कुजका चारा एकदा पोटात गेला की तो तडफडून मरतो. म्हणून शहाणा घोडा कुजक्या चाऱ्यावरून आधीच तोंड फिरवतो. मालकानं मारलं तरी फिरवतो. तीस वर्षांपूर्वी याच सभागृहात आपल्या बापांनी नळकारांच्या हातावर पाणी सोडलं. ते पाणी कोणाला आठवत नसेल तर श्रोणांना विचारा, तेव्हा झारी त्यांच्या हातात होती.’’

वृद्ध श्रोणाने मान खाली घातली आणि म्हटले, ‘‘होती.’’

एकाने हरकत घेतली म्हणजे मत घ्यावे लागे. शलाका वाटल्या गेल्या. वसुभूतीला आशा होती, निदान आपल्या बाजूचे दोनशे चौऱ्याहत्तर तरी ठाम राहतील. मोजणी झाली तेव्हा ठरावाच्या विरोधात एकशे आठ शलाका निघाल्या. बाकीच्यांनी एकमेकांच्या कानात सांगितले होते, ‘आपल्याच नेत्यानं त्याला हार घातला. आता विरोध करायचा तर आपणच खोटे पडू.’

उग्रबाहू आसनावरून उतरला. त्याच्या माणसाने एक ताजा हार वसुभूतीच्या हातात ठेवला. ‘‘ये वैद्या,’’ उग्रबाहू म्हणाला, ‘‘तुझ्या मित्राकडून शिक. मनाचा मोठेपणा दाखव. सगळी सभा बघतेय.’’

वसुभूतीने हार चुरगळला नाही की फेकला नाही. त्याने तो नीट घडी घालून चटईवर ठेवला. ‘‘गणमुख्य,’’ तो म्हणाला, ‘‘आपण गणमुख्य आहात, हे मी नाकारत नाही. आपला घोडा आजारी पडला तर मध्यरात्री बोलवा, येईन. पण हे चांगलं झालं, असं माझ्या तोंडून वदवून घ्यायचा हक्क या शलाकांनी आपल्याला दिलेला नाही. मोजणी मान्य आहे. ठराव अन्यायाचा आहे. हे मी आज बोललो आणि उद्याही बोलेन.’’ मग तो बाहेर पडला.

घरी त्याची बायको मेखला खल घासत बसली होती. झालेली हकिगत तिच्या कानावर आधीच आली होती. ‘‘आता?’’ तिने विचारले.

‘‘गणाचा एक जुना कायदा आहे,’’ वसुभूती म्हणाला. ‘‘गणसदस्याच्या चुलीतला अग्नी, त्याचं म्हणणं सभेनं स्वतंत्रपणे ऐकून घेतल्याशिवाय कोणाला विझवता येत नाही, आणि तो पेटता आहे तोवर ती जागा रिकामी करता येत नाही. सुनावणी फक्त महिन्याच्या दोन्ही अष्टम्यांना, पौर्णिमेला आणि अमावास्येला. एका दिवशी एकाच चुलीची.’’

मेखला हात थांबवून त्याच्याकडे पाहू लागली. ती मंद बुद्धीची नव्हती. ‘‘म्हणजे आपली चूल नळकारांच्या वस्तीत न्यायची.’’

‘‘तुझी तयारी असेल तर.’’

‘‘घोडे कुठे बांधाल? तिथे गुडघाभर चिखल असतो,’’ ती म्हणाली. पण बोलता बोलता तिने मातीचे एक मडके उचलले होते आणि त्यात चुलीतले निखारे भरायला ती लागलीही होती.

वस्तीत लोकांनी बांधाबांध सुरू केली होती. छपरांच्या चटया गुंडाळून ठेवल्या होत्या. वेतसीने मडके हातात घेतलेल्या मेखलेकडे पाहिले, मग वसुभूतीकडे.

‘‘दया दाखवायला आलात का, बाबा? दया फार झाली आमच्यावर या महिन्यात.’’

‘‘दया नाही,’’ वसुभूती म्हणाला. ‘‘वाट अडवायला आलोय. जागा दे.’’

वेतसीने आणखी काही विचारले नाही. तिने स्वतःच्या घराशेजारची कोरडी पट्टी दाखवली. संध्याकाळपर्यंत नळकारांनी तिथे नळाच्या भिंतींची झोपडी उभी केली, आणि मेखलेने त्या मातीवर पहिली चूल पेटवली.

कार्तिकी पौर्णिमेला उग्रबाहूचा सेनापती तीस बैलगाड्या घेऊन आला. ठरावात सबंध वस्ती मोकळी करायची असे लिहिले होते, आणि सबंध वस्तीत आता गणाची एक चूल होती. सेनापती कायदा जाणणारा माणूस होता. तो दारात उभा राहून चुलीकडे बराच वेळ बघत राहिला, आणि गाड्या वळवून परत गेला.

अमावास्येला वसुभूतीची सुनावणी झाली. तो सकाळपासून बोलला. नळकारांच्या बांधांनी नगराचा कोणता भाग किती पुरांत वाचवला, हे त्याने एकेका पुराचे वर्ष सांगून मांडले. सभेने ऐकले आणि बहुमताने चूल विझवायचे ठरवले. वसुभूती म्हणाला, ‘‘मोजणी मान्य आहे.’’ तो वस्तीत आला आणि सेनापतीच्या देखत त्याने स्वतःच्या हातांनी चुलीवर पाणी ओतले. राखेतून वाफ उठली. मेखलेने तोंड फिरवले.

मग तो वेतसीच्या दारात गेला, तिच्या चुलीतला एक निखारा मागून आणला, आणि त्याच जागी चूल पुन्हा पेटवली. विझवलेली चूल पुन्हा पेटवू नये, असे कोणत्याच कायद्यात नव्हते, कारण असा हट्टी माणूस गणात आजवर जन्मला नव्हता. जाताना सेनापतीच्या मिशीखाली हसू होते, असे मेखला पुढे सांगत असे.

आता नव्या चुलीची नवी सुनावणी आली. आणि ती येईपर्यंत वसुभूती एकटा उरला नव्हता. आधी एक कुंभार आला, आपल्या बायकोसह. मग दोन बहिणी आल्या, दोघी विधवा, दोघींची सभेत मिळून एक जागा. मग तो माणूस आला ज्याने सभेत ‘पचवायला शिका’ अशी आरोळी ठोकली होती. तो आला आणि म्हणाला, ‘‘झोप लागत नाही.’’ माघापर्यंत वस्तीत गणाच्या अकरा चुली झाल्या. दर सुनावणीला सभेचा सबंध दिवस जाऊ लागला. उग्रबाहूच्या घोड्यांच्या शर्यती पुढे ढकलल्या गेल्या, आणि जमिनीची वाट बघणारे लोक त्याला विचारू लागले, आमचा तुकडा कधी?

शेवटी उग्रबाहूने चंद्रकेतूला बोलावले. ‘‘तुझा शब्द त्या वेड्याला पटेल. जा, त्याला समजाव.’’ आणि चंद्रकेतू, सगळ्यांचे भले व्हावे म्हणून, निघाला.

तो वस्तीत आला तेव्हा वसुभूती एका आजारी शिंगराला काढा पाजत होता. चंद्रकेतू बांधावर उभा राहून बोलू लागला. गणात फूट पडते आहे. भाऊ भावाशी बोलेनासा झाला आहे. हट्ट सोडण्यातच थोरपण असते. तो छान बोलला, नेहमीसारखा. नळकार जमून ऐकत होते. त्याचे बोलणे संपले तेव्हा वेतसी म्हणाली, ‘‘स्वामी, तुम्ही आमच्यासाठी दोन महिने बोललात, ते आम्ही विसरलो नाही. म्हणून एक सांगते. आम्ही बांधाबांध केव्हा सुरू केली, ठाऊक आहे?’’

‘‘ठराव झाला तेव्हा असेल.’’

‘‘नाही. त्याच्या आठ दिवस आधी. उग्रबाहू तर वर्षभर बोलत होता, तरी आम्ही एक चटई गुंडाळली नव्हती. तुम्ही त्याला हार घातलात, मिठी मारलीत, त्या दुपारी मी घरी येऊन छपराचे दोर सोडले. आता आपल्या बाजूनं कोणी उभं राहणार नाही, हे मला त्याच्या बोलण्यावरून नाही कळलं. तुमच्या हसण्यावरून कळलं.’’

चंद्रकेतू बांधावरच खाली बसला, चिखलात, शुभ्र वस्त्रांसकट. वसुभूतीने शिंगराचे तोंड पुसले आणि तो मित्राजवळ येऊन बसला. ‘मी म्हणत नव्हतो?’ असे तो म्हणाला नाही.

‘‘लोक नावाजत होते,’’ चंद्रकेतू म्हणाला. ‘‘मला वाटलं, माझा अपमान मी गिळतोय. म्हणजे मी काहीतरी मोठं करतोय.’’

‘‘तुझा अपमान तू गिळलास ते चांगलंच केलंस,’’ वसुभूती म्हणाला. ‘‘पण त्याबरोबर यांची घरंही देऊन टाकलीस. ती तुझी नव्हती.’’

चंद्रकेतू त्या दिवशी उग्रबाहूकडे परतला आणि एकच वाक्य बोलला: ‘‘तो वेडा नाही.’’ तिसऱ्या दिवशी तो पुन्हा वस्तीत आला, या वेळी हातात निखाऱ्यांचे मडके घेऊन. वसुभूतीने त्याला पूर्वेची जागा दाखवली आणि सांगितले, ‘‘चुलीचं तोंड उत्तरेला नको करूस. इकडे वारा तिकडून येतो.’’ चंद्रकेतूला चूल मांडता येत नव्हती. ती त्याला कुंभाराने मांडून दिली. त्याच्या मागोमाग, फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात, पांढऱ्या शलाकांची साठ घरे आली. सभेत लाज वाटून जे मुके झाले होते, ते इथे येऊन भांडीकुंडी मांडताना मोकळेपणाने बोलू लागले. पुढच्या सुनावण्यांत चंद्रकेतूच सर्वांत कडाडून बोले, आणि आता त्याच्या भाषणांवर कोणी डोळे पुसत नसे. लोक अस्वस्थ होत. एका सुनावणीत उग्रबाहूने त्याला विचारले, ‘‘तुझा तो मोठेपणा कुठे गेला?’’ चंद्रकेतू म्हणाला, ‘‘गणमुख्य, तो मी चुकीच्या ठिकाणी खर्च केला होता.’’

पावसाळा आला. दलदलीचा पावसाळा तो. छपरे गळत, वारा भिंतींतून शिरे, आणि रोज कोणाची ना कोणाची चूल विझे. विझली की शेजारणीकडून विस्तव आणायचा, शेजारणीची विझली की तिला आपला द्यायचा. त्या चार महिन्यांत निखारे इतक्या घरांतून इतक्या घरांत गेले, की कोणी लक्षात ठेवायच्या भानगडीत पडले नाही.

आश्विनात उग्रबाहूने शेवटचा डाव टाकला. गणाच्या चुली राहू द्या, तो म्हणाला; त्या वगळून नळकारांच्या तेवढ्या चुली विझवा आणि त्यांना घालवा. त्यासाठी यादी हवी. सेनापती ताडपत्र आणि लेखणी घेऊन वस्तीत आला. त्याच्याबरोबर, मोजणी चोख व्हावी म्हणून, वृद्ध श्रोण होता.

पहिले दार वेतसीचे. ‘‘ही चूल कोणाची?’’ सेनापतीने विचारले.

वसुभूती तिथेच उभा होता. वेतसीने त्याच्याकडे पाहिले नाही. तिला खोटे बोलायची गरज नव्हती. ‘‘घर माझं,’’ ती म्हणाली. ‘‘अग्नीचं विचाराल तर, माझा आषाढात विझला. मग वैद्यबाबांकडचा आणला. श्रावणात पुन्हा विझला, तेव्हा कुंभारणीनं दिला.’’

दुसरे दार कुंभाराचे. ‘‘ही?’’

‘‘मी गणाचा,’’ कुंभार म्हणाला. ‘‘विस्तव मात्र भाद्रपदात या पलीकडच्या नळकाराच्या घरून आला. त्यानं तो चंद्रकेतूंकडून नेला होता.’’

तिसऱ्या दारात त्या दोन बहिणी आपसांत वाद घालू लागल्या, की त्यांचा निखारा कोणाचा. चौथ्या दारातल्या म्हाताऱ्या नळकाराने हाताच्या बोटांवर सात घरे मोजून दाखवली. सेनापतीची लेखणी ताडपत्रावर टेकलेली होती आणि तिथे एकही नाव उतरत नव्हते. विसाव्या दारानंतर तो श्रोणाकडे वळला. ‘‘आजोबा, कायदा काय म्हणतो? घर धरायचं, माणूस धरायचा, की अग्नी?’’

श्रोणाने एका चुलीजवळ वाकून पाहिले, जणू ती शलाका होती आणि तिला उजेडात धरायचे होते. मग तो कण्हत उभा राहिला. ‘‘कायद्यात शब्द अग्नी असा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘यातला कोणताही अग्नी गणाचा नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. म्हणजे प्रत्येकाची सुनावणी घ्यावी लागेल.’’

‘‘किती चुली?’’

‘‘तीनशे सत्तेचाळीस,’’ श्रोण म्हणाला. ‘‘मी येता येता मोजल्या.’’

सेनापतीने कोरे ताडपत्र गुंडाळले. गणमुख्याच्या मुदतीची दोन वर्षे उरली होती, आणि महिन्याला सुनावणीचे दिवस चार. तो निघाला. पण वस्तीच्या टोकाला, वसुभूतीच्या दारासमोर, तो थांबला. ‘‘वैद्या,’’ तो म्हणाला, ‘‘माझी घोडी दोन दिवस चारा खात नाही.’’

‘‘घेऊन ये,’’ वसुभूती म्हणाला.

त्यानंतर नळकारांना कंकावतीतून कोणी हलवले नाही. उग्रबाहूने मुदत पूर्ण केली, आणि सारी तीन वर्षे तो गणमुख्य आहे हे वसुभूतीने कधी नाकारले नाही; तसेच, त्याचा ठराव चांगला होता असे एकदाही म्हटले नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षुसंघाच्या परमगुरूंनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे एका आजारी भिक्षूला त्याच्या कोरड्या कुटीतून हलवायचे ठरत होते, आणि एक भिक्षू, ते गैर आहे हे जाणूनही, वाद नको म्हणून हसून गप्प राहिला होता. ‘‘भन्ते,’’ तो म्हणाला, ‘‘मला वाटलं, मी क्षांती पाळतो आहे.’’ तेव्हा शास्ते म्हणाले, ‘‘भिक्षू, आपल्या पाठीवरचा घाव सोसणं ही क्षांती. दुसऱ्याच्या पाठीवर घाव पडत असताना आपण हसणं, हिला ते नाव नाही.’’ आणि मग त्यांनी दोन काळांचे धागे जोडून दाखवले: ‘‘तेव्हाचा चंद्रकेतू म्हणजे हा भिक्षू. उग्रबाहू म्हणजे नगरद्वारापाशी आपल्याला रोज भिक्षा वाढणारा तो निवृत्त सेनानी. तो फार वाट चालून आला आहे, त्याला जुन्या नावानं हाक मारू नका. वेतसी म्हणजे भिक्षुणीसंघातली ती वडीलधारी थेरी, जी प्रश्न विचारते तेव्हा आचार्यही आसन सावरून बसतात. श्रोण म्हणजे माझा शिष्य आनंद. आणि जो हरला, पण गप्प बसला नाही, तो अश्ववैद्य मीच होतो.’’

तो भिक्षू उठला, आणि त्या आजारी भिक्षूच्या कुटीच्या दारात जाऊन उभा राहिला. बोधिसत्त्वाने त्या जन्मी जी पूर्ण केली ती अधिष्ठान पारमिता, म्हणजे खरे काय ते ओळखल्यावर जागचे न हलणे.